लोकांसमोरचा पहिला घास

मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मशीनवर नवीन काम लागलं की निघालेला पहिला नग माझ्या टेबलावर येतो. मी तो मोजते, उलटासुलटा करून बघते, सही करते आणि मगच पुढचे नग निघतात. सही नाही तर मशीन बंद. ऑपरेटर कितीही कुरकुरला तरी बंद. बारा वर्षं हेच केल्यामुळे मला असं वाटायला लागलं होतं की माझ्या सहीशिवाय जगात काही पुढे सरकत नाही. कंपनीत हा गैरसमज खपून जातो. घरी माझ्या सासूबाई आहेत.

मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. बाळंतपणाची रजा संपली होती, त्याला मी बिनपगारी रजेचं शेपूट जोडलं होतं, आणि तेही जोडून माझ्या हातात पाच आठवडे उरले होते. बाटली तिने कधी घेतलीच नाही. नवऱ्याने बाटलीला लावायची, चोखायची चार तऱ्हांची बुचं आणली. एका खोक्यावर तर ‘अगदी आईसारखं’ असं लिहिलेलं होतं. पोरीने ते तोंडात घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि असं थुंकलं की छापणाऱ्याला लाज वाटावी. म्हणजे आता हिशोब सरळ होता. सकाळी आठपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत माझं पोर दुसऱ्याच्या हातून जेवलं पाहिजे. नाही जेवलं, तर मी घरी. आमच्या खात्यातून माझ्याआधी दोघी बाळंतपणाला गेल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि कँटीनमध्ये त्यांच्याबद्दल ‘चांगल्या होत्या हो’ असं बोलतात. मला एवढ्यात ‘होत्या’ व्हायचं नव्हतं.

द्वारका चौकाजवळ आमच्या बालरोगतज्ज्ञ बाई बसतात. त्या म्हणाल्या, “सहा महिने पूर्ण झाले ना? मग करा सुरू. पाणीदार नको, घट्टसर द्या. मीठ नाही, साखर नाही, मध तर अजिबात नाही. आणि एका वेळी एकच नवा पदार्थ, तीन दिवस तोच.” मला तर त्यांना मिठी मारावीशी वाटली. एका वेळी एकच बदल, तीन दिवस निरीक्षण! ही तर माझी भाषा. त्याच संध्याकाळी मी फ्रिजवर तक्ता लावला. तारीख, पदार्थ, किती चमचे, परिणाम, सही. सहीचा रकाना माझा.

नवरा डिझाइन खात्यात आहे. त्याच्याकडून वस्तू घरात येते ती आधी दहा वस्तूंची तुलना होऊन. साधी बादली आणायची तरी हा माणूस लोकांचे अभिप्राय वाचतो. पोरीच्या जेवणासाठी त्याने जे जे आणलं ते हॉलमध्ये मांडलं तेव्हा आम्हाला टीव्ही दिसेना. पाच उंच्यांची खुर्ची, तिला आमच्या गाडीला नाहीत इतके पट्टे. अन्न गरम असलं की रंग बदलणारा चमचा. वाफवून वाटून देणारं यंत्र. फळ भरून चोखायला द्यायची जाळीची चोखणी. आणि टेबलाला चिकटून बसणारी वाटी, म्हणजे बाळाने ओढली तरी सांडायची नाही. ती वाटी त्याने दाखवायला म्हणून जेवणाच्या टेबलाच्या काचेला चिकटवली. मग ती निघेना. माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते, चाळीस वर्षं घाट चढले-उतरले, पण त्या वाटीपुढे त्यांनी हात टेकले. शेवटी उलथन्याने खरवडून काढली.

“अन् ह्यो चमचा रंग कशाला बदलतो?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, गरम असलं तर कळतं,” नवरा म्हणाला.

“मंग माझा हात काय कामाचा? तुला काय चटके देऊन वाढवला का रं?”

सासूबाई येवल्याकडच्या. त्यांचं सगळं साहित्य एका फडक्यात मावत होतं: एक स्टीलची वाटी, एक चपटा चमचा, आणि नवऱ्याच्या लहानपणचं चांदीचं बोंडलं, तान्ह्या बाळाला पाजायचं ते चोचीचं भांडं. त्याची चोच नवऱ्यानेच लहानपणी चावून वाकडी केलेली. पाय लांब करून बसायचं, पोर मांडीवर घ्यायचं आणि भरवायचं, एवढी त्यांची पद्धत. नवऱ्याने मोबाइलवर परदेशातली बाळं दाखवली, खुर्चीत ताठ बसून अख्खी उकडलेली भाजी हातात धरून खाणारी. दुसऱ्या दिवशी तो कॉलेज रोडवरून ब्रोकोली घेऊन आला आणि सरावासाठी म्हणून त्याने ती उकडली. सासूबाई पातेल्यात डोकावून म्हणाल्या, “ह्ये काय झाड उकाडलंय?” रात्री ते झाड आम्हीच पिठल्याबरोबर खाल्लं.

सगळी तयारी झाली आणि सासूबाईंनी गाडीला ब्रेक लावला. म्हणाल्या, “उष्टावण झाल्याशिवाय लेकराच्या तोंडात शीत जायाचं नाय. मामानं मांडीवर घेऊन पह्यला घास द्यायचा, मंग तुमचं काय ते.”

आता मामा म्हणजे माझा मोठा भाऊ. निफाडजवळ त्याची द्राक्षबाग, आणि दिवस ऐन काढणीचे. त्याला फोन केला तर म्हणाला, “येतो की. ह्या रविवारी गाडी भरली की आलोच.” त्या रविवारी व्यापारी आला नाही. पुढच्या रविवारी व्यापारी आला पण मजूर आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आभाळ भरून आलं. “अगं, माल बागेत उभाय, वर ढग आलेत, आणि मी तिकडं खीर भरवायला येऊ का? तूच सांग,” तो म्हणाला. बागायतदाराच्या घरात जन्मलेली मी, काय सांगणार कप्पाळ?

तुम्ही म्हणाल, मग भांडायचं ना. माझ्या तोंडाला काय कुलूप आहे? ते तर नाहीच, सगळ्या सोसायटीला माहीत आहे. पण ज्या बाईच्या हातात दिवसभर पोर सोपवायचं, तिच्याशी मुहूर्तावरून वाकडं घेऊन भागत नसतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते आतून पटलं होतं. पहिला नग पद्धतशीर झाला पाहिजे. एक तारीख, एक घास, तिथून तक्ता सुरू. मी शब्द दिला आणि पाळला. आमची पोर आमच्या ताटाकडे टक लावून बघायची, लाळ गाळायची, माझा घास माझ्या तोंडात जाईपर्यंत तिचंही तोंड उघडायचं. मी पाठ फिरवून जेवायचे. रडू यायचं अक्षरशः. पण नियम म्हणजे नियम.

तीन आठवडे असे गेले. पाचातले तीन! आणि त्यातल्या तिसऱ्या आठवड्यात लंगोटात गडबड दिसायला लागली. रंग वेगळा, वास वेगळा, घट्टपणा वेगळा. शिवाय ती दूधही कमी प्यायला लागली होती. मी हादरले. मला वाटलं, माझंच दूध आटलं. हळीव खाल्ले, डिंकाचे लाडू खाल्ले, तरी ती दोन मिनिटं प्यायची आणि तोंड फिरवायची. मी रोज फोटो काढायला लागले, तारीखवार, चांगल्या उजेडात. हसू नका. पाच दिवसांचे फोटो घेऊन मी सासूबाईंना बरोबर घेतलं आणि रिक्षाने द्वारका गाठली. चौकात अर्धा तास अडकलो. तेवढ्या वेळात सासूबाई दोनदा म्हणाल्या, “कशाला दाखवती, लेकरू तर चांगलं हाय.” मला वाटलं, जुन्या बायका, डॉक्टरला घाबरतात.

डॉक्टरबाईंनी फोटो बघितले. पोरीचं वजन केलं. मग मला विचारलं, “वरचं काही सुरू केलंय का?”

“नाही डॉक्टर! एक शीतसुद्धा नाही,” मी छातीठोकपणे म्हणाले. “उष्टावण व्हायचंय अजून.”

सासूबाई भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होत्या. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा घरी राहिला होता. डॉक्टरबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “वजन छान वाढलंय,” त्या म्हणाल्या. “सगळं उत्तम आहे. जे चाललंय ते चालू द्या.” मी त्यांचे आभार मानून बाहेर पडले. बारा वर्षांच्या अनुभवाची क्वालिटी इन्स्पेक्टर, हातात पुराव्याचे फोटो, आणि गुन्हेगार शेजारी बसून माझ्याच रिक्षातून घरी आला.

चौथ्या रविवारी भाऊ आला एकदाचा. पिकअपमध्ये द्राक्षांचे चार क्रेट, अंगात धुतलेला शर्ट, आणि घाबरलेला. एरवी क्रेट सहज उचलणारा हा माणूस, पण पोर मांडीवर घ्यायची म्हणून दोनदा शर्टाला हात पुसून बसला. पाट मांडला, औक्षण झालं. खिरीवरून आमचं सकाळीच वाजलं होतं. मी म्हटलं साखर नाही, सासूबाई म्हणाल्या बिनसाखरेची ती खीर कसली, ती पेज. शेवटी चांदीच्या वाटीत खीर ठेवायची, पण पोरीला फक्त अंगठी बुडवून जिभेला लावायची असा तह झाला. नवरा मोबाइल धरून उभा. भावाने अंगठी बुडवली आणि हात पुढे केला.

पोरीने काय करावं? दोन्ही हातांनी त्याचं बोट पकडलं, ऐटीत ‘आ’ केला, अंगठी चाटूनपुसून साफ केली, टाळूला जीभ लावून मचमच केलं आणि वाटीकडे हात करून ओरडली, “मं! मं!” पुढचा घास कुठाय म्हणून. जन्मात पहिल्यांदा अन्न चाखणारं बाळ जीभ बाहेर ढकलतं, तोंड वेडंवाकडं करतं. मी याच्यावर सतरा व्हिडिओ बघितले होते. ही तर पंगतीत मुरलेल्या भटजीसारखी बसली होती.

भाऊ आपला भोळा. “अगं, हिला तर लय सवय दिसती!” म्हणाला.

सासूबाई समईची वात सारखी करायला लागल्या, जी सरळच होती. सासऱ्यांनी पेपर उघडला. नवरा म्हणाला, “गॅस चालू राहिला वाटतं,” आणि निघाला.

“थांब,” मी म्हणाले. “कोणी?”

मग एकेक जण फुटायला लागला. सासूबाई मी अंघोळीला गेले की नाचणीचं सत्त्व द्यायच्या. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून ठेवलेलं, तेही देवघराच्या कप्प्यात, जिथे मी हात घालत नाही. सासरे सकाळी गॅलरीत तिला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या दाखवता दाखवता वरणात भिजवलेला भाकरीचा पापुद्रा द्यायचे. “दोनदाच दिला,” ते पेपरामागून म्हणाले.

“दोनदा?” सासूबाई उसळल्या. “रोज! अन् मला म्हणायचे, सुनंला सांगू नको.”

“वरणात मीठ होतं?” मी विचारलं. पेपर हलला नाही. यावरून काय ते समजले.

“मी फक्त केळं दिलं,” नवरा म्हणाला. “टेस्टिंग. ती जाळी नीट चालते का बघायला. रिटर्नची मुदत संपत होती.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “अहो आई, मामाशिवाय शीत जायचं नाही हे तुम्हीच सांगितलंत ना मला? तुमच्या शब्दाखातर मी तीन आठवडे पोरीकडे पाठ करून जेवले!”

त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, “लेकरू तोंडाकडं बघत हुतं. मी काय दगड हाय का? अन् मामाचा घास पह्यलाच हाय की. पह्यला म्हंजे लोकांसमोरचा पह्यला. एवढी शिकलेली तू, तुला एवढं कळंना?”

आली का पंचाईत! घरात चार मोठी माणसं, त्यातल्या तिघांना नियम पाळायचा नसतो हे जन्मजात माहीत होतं, आणि ज्या एकीला माहीत नव्हतं तिच्याकडे तक्ता होता. भाऊ बिचारा खिरीची वाटी हातात धरून आमच्या तोंडांकडे बघत राहिला. पोरीने मात्र त्या भांडणात वाटीत हात घालून चार बोटं चाटली, साखरेसकट. कुणाचंच लक्ष नव्हतं.

राग गेल्यावर मला बरंही वाटलं. म्हणजे, खाते आहे! तिघांच्याही हातून खाते आहे! जीव टांगणीला लागला होता तो हाच तर प्रश्न होता. दूध आटलं नव्हतं, पोट भरलेलं होतं. मी मनातल्या मनात तिघांनाही माफ केलं, तक्त्यावर पहिली तारीख टाकली, आणि दुसऱ्या दिवशी मूगडाळ आणि भात मऊ शिजवून, यंत्रात वाटून, पोरीला खुर्चीत बसवलं. सगळे पट्टे लावले. रंग बदलणारा चमचा तोंडाजवळ नेला.

ती गोड हसली. चमच्याकडे बघितलं नाही. दोन्ही हात पुढे करून माझा कुडता ओढायला लागली.

मला वाटलं, खुर्ची आवडली नसेल. मांडीवर घेतलं. कुडता. चमचा बदलला, स्टीलची वाटी घेतली. कुडता. बोटाने भरवलं, तर तोंड घट्ट मिटून माझ्या छातीत डोकं खुपसलं. तीन दिवस मूगडाळ, तीन दिवस रताळं, आणि तक्त्यावर माझ्या सहीशेजारी शून्य चमचे, शून्य चमचे. त्याहून वाईट म्हणजे मी समोर असले तर ती आता बाकीच्यांकडूनही खाईना. सासूबाई घास पुढे करायच्या आणि ती माझ्याकडे बघून भोकाड पसरायची. मी गॅलरीत गेले, की आतून मचमच. परत आले, की भोकाड.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या हसल्या. “अहो, होतं असं. बाकीचे तिच्यासाठी जेवण आहेत. तुम्ही दूध आहात,” म्हणाल्या. “तुम्ही जरा बाजूला व्हा.” तीन आठवडे सगळ्यांनी तिला आपापली चव लावली, आपापल्या हाताची सवय लावली. मी तेवढी प्रामाणिक राहिले. इतका संताप आला मला स्वतःचा! ज्या तिघांना मी अडाणी, चोरटे, बेशिस्त म्हणत होते, त्यांनी पोर जेवायला शिकवली होती, आणि मी तिला फक्त बघत बसायला शिकवलं.

मग शेवटचे काही दिवस मी बाजूला व्हायचं काम केलं. जेवणाची वेळ झाली की सासूबाई म्हणायच्या, “हट गं बाई जरा,” आणि मी चपला घालून खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचे. वॉचमन रोज विचारायचा, “वजन कमी करताय का, मॅडम?” वर माझी लेक गरगट्टा भात खात असायची. तक्ता मी काढून टाकला. कोणी काय दिलं, किती दिलं, मीठ घातलं की नाही, मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी खरं कोण सांगणार होतं?

सोमवारी कामावर गेले. दिवसभर हातात नग होते आणि कान फोनकडे. जेवणाच्या सुट्टीत फोन लावला तर सासूबाई खुशीत होत्या. “अगं, वाटीभर खाल्लं! दोनदा! एकदा बी रडली नाय, तुझी आठवण बी काढली नाय.”

मला हेच हवं होतं. पाच आठवडे मी देवाला हेच मागितलं होतं, अगदी ह्याच शब्दांत. “बरं झालं, आई,” एवढंच म्हणून मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन पंधरा मिनिटं रडले. छाती दुधाने दगड झाली होती. आणि सासूबाईंचा असा राग आला होता की बोलायची सोय नाही, कारण त्यांनी माझ्यावर उपकार केले होते.

संध्याकाळी पळतच जिना चढले. लिफ्टची वाट बघायलाही धीर नव्हता. दार लोटलेलं होतं. मी हात लावला, आणि फटीतून सासूबाईंचा आवाज आला, हलकेच, “आत येऊ नको गं. चार घास ऱ्हायलेत.”

मी हात काढून घेतला. दाराबाहेर उभी राहिले, पाठीवर बॅग, हातात डबा. आतून सासूबाई म्हणत होत्या, ह्यो चिऊचा, ह्यो काऊचा. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू भाजी घेऊन वर आल्या. मला अशी उभी बघून त्यांनी विचारलं, “काय गं, किल्ली विसरलीस का?”

“हो ना, काकू,” मी म्हणाले.